ओट्यावरची शाळा

मुलांनो, 2012 साली राज्यातली शिक्षकभरती थांबली आणि मी नेमकी तेव्हाच डी.एड. झाले! अर्ज करून करून थकले. आई म्हणाली, "अगं, शिकवायला नोकरीच कशाला हवी?"

दुसऱ्या दिवशी गल्लीतली पाच मुलं ओट्यावर बसवली. मोजायला चिंचोके, अंक शिकवायला जुन्या कॅलेंडरचे तुकडे. फी नव्हती, पण हजेरीवही मी रोज भरायची. कुणाला काय आलं, कुणाचं काय अडलं, तेही लिहायची.

पुढे एका शाळेत मुलाखत झाली. "अनुभव?" मुख्याध्यापकांनी विचारलं. मी गुपचूप ती वही पुढे ठेवली. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. नोकरी मिळाली!

म्हणून सांगते, कुणी बोलावील म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. ते चिंचोके आजही माझ्या वर्गात आहेत बरं का!