मोती आणि उचल

बसरा मोत्यांची नथ ही आपल्याकडे श्रीमंतीची खूण मानली गेली. ते मोती आखाताच्या तळातून निघत आणि मुंबईच्या बाजारात येत, हे मी इतिहासाच्या तासाला अनेकदा सांगितले आहे. ते वर आणणारा माणूस कोण होता, हे मात्र डिसेंबर २०१९ मध्ये दुबईत एका शुक्रवारी नीट समजले.

आपल्याच वसतिगृहातून दहावी झालेला एक विद्यार्थी तेथे वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती करतो. शुक्रवारी त्याला सुट्टी. "जयभीम सर, आजचा खर्च माझा," असे त्याने भेटताच बजावले. देरा भागातील एका साध्या खानावळीत त्याने मच्छबूस मागविला. मसालेदार रश्श्यात शिजविलेला भात, वर मटण आणि आत वाळवून काळे झालेले अख्खे लिंबू. त्याचा आंबट-कडसर स्वाद जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. नंतर खजुराच्या पाकातले लुगैमात आले; ते जवळजवळ आपले गुलगुलेच. "पण वसतिगृहातल्या बुद्धपौर्णिमेच्या खिरीची सर नाही," हा त्याचा अभिप्राय माजी विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम नोंदवितो.

एका दिरहमला अब्रा नावाची लाकडी होडी खाडीपलीकडे नेते. पलीकडे १७८७ च्या सुमारास बांधलेला अल फहिदी किल्ला; १९७१ मध्ये तेथे वस्तुसंग्रहालय सुरू झाले. तळघरात मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचा देखावा होता. नाकाला चिमटा, पायाला वजन, बोटांना चामड्याच्या टोप्या, जवळ शिंपले भरण्याची जाळी. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने हे लोक समुद्रावर असत. हंगामापूर्वी घरखर्चासाठी त्यांना आगाऊ रक्कम मिळे. तिला 'सलफ' म्हणत. मोती कमी निघाले की कर्ज पुढच्या हंगामावर चढे. ते फिटल्याशिवाय दुसऱ्या नाखुद्याकडे जाता येत नसे आणि कित्येकदा बापाचे कर्ज मुलाच्या माथी येई. पाणबुड्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलामही होते. त्यांचा वाटा मालक घेई.

हे मी सांगत असता विद्यार्थी म्हणाला, "सर, ही तर उचल."

त्याचे वडील सालगडी होते. पाडव्याला उचल घ्यायची, वर्षभर राबायचे आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा अंगठा द्यायचा. त्या चक्रातून पोरगा सुटावा म्हणून त्यांनी त्याला आपल्या शाळेत आणून सोडले होते. माझी सलफची माहिती पुस्तकी होती. त्याला ती घरातून ठाऊक होती.

१९२९ नंतरची जागतिक मंदी आणि जपानचे कृत्रिम संवर्धनाचे मोती यांनी तो व्यापार बुडविला. दुबईला तेल सापडले १९६६ मध्ये. त्याच वर्षापर्यंत तेथे रुपया चाले; १९५९ पासून तर भारतीय रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा काढीत असे. 'रुपयाचा प्रश्न' लिहिणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायाने या नोटांची कथा अवश्य वाचावी.

८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा संध्याकाळी पाहिली. तिच्याविषयी सगळेच लिहितात. परतताना मेट्रोत त्याने स्वतःचा हिशेब सांगितला. व्हिसासाठी एका दलालाला द्यावयाची रक्कम त्याने गावात व्याजाने काढली होती. ती फिटेपर्यंत, एकोणीस महिने, तो घरी गेला नाही. आता धाकट्या बहिणीच्या नर्सिंगची फी तोच भरतो.

मग त्याने पाणबुड्याच्या पुतळ्याचे छायाचित्र वडिलांना पाठविले आणि खाली लिहिले : "बाबा, यांच्याकडेही उचल होती."