घोटभर पाणी

लष्करात डॉक्टर होतो असं कळलं की आमच्या मंगरूळपीरचा माणूस हमखास विचारतो, "मग गोळी चालवली का हो?" नाही चालवली. कमरेचं पिस्तूल बसताना बरगडीत टोचायचं, तेवढाच त्याचा उपयोग. युद्धात माझ्या हातून सगळ्यात कठोर काम झालं ते पाणी नाकारण्याचं.

१९७० साली नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस होऊन निघालो आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेतलं. पोरगा वाशिमात दवाखाना टाकेल, ही वडिलांची आस. लखनौचं प्रशिक्षण आटोपून फील्ड अॅम्ब्युलन्समध्ये रुजू झालो. नाव ऐकून लोकांना ती गाडी वाटते, पण असते पलटण. तंबू, स्ट्रेचर, नर्सिंग असिस्टंट, ट्रक असा सगळा संसार. १९७१ च्या डिसेंबरात आमचा संसार बनगावकडून जेसोरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मांडलेला होता.

आमच्या तंबूत ऑपरेशन होत नसे. रक्त थांबवायचं, मोडलेलं हाड बांधायचं, मॉर्फिन दिलं की कपाळावर खूण करून वेळ लिहायची आणि माणूस मागे धाडायचा. एक जुना सुभेदार होता. पहिल्याच रात्री त्यानं मला बाजूला घेतलं. "साहब, जो ओरडतो तो थांबू शकतो. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी बघा," अशा अर्थाचं काहीतरी तो त्याच्या हिंदीत बोलला. कॉलेजात हे मला कुणी इतक्या थोडक्यात शिकवलं नव्हतं.

त्या रात्री एक जवान आला. पोटात तोफगोळ्याची कपची. शुद्धीवर होता. माझं मराठी वळणाचं हिंदी ऐकून त्यानं मान वळवली आणि म्हणाला, "साहेब, घोटभर पाणी द्या ना जी." त्या 'जी'नं मी हललो. आपल्याच मुलखातला. पण पोटात भोक असलेल्या माणसाला पाणी पाजायचं नसतं. आतडं फाटलेलं असलं तर ते पाणी पोटाच्या पोकळीत पसरतं. शिवाय पुढे भूल द्यायची असते. मी गॉज ओला करून त्याचे ओठ पुसले. तो गॉजच चोखायला लागला. बटणाला बांधलेल्या कार्डावर मी 'तोंडाने काही देऊ नये' असं इंग्रजीत लिहिलं, खाली दोनदा रेघ ओढली आणि त्याला ट्रकमध्ये चढवलं. पुढे त्याचं काय झालं, ठाऊक नाही. आघाडीवरच्या तंबूतल्या डॉक्टरला ते कधीच कळत नाही.

त्याच बनगावात काही महिने आधी नेमकी उलटी गोष्ट घडली होती. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजलं. ३० टक्क्यांच्या घरातलं मरण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

१९७५ ला कमिशन संपलं आणि मंगरूळपीरला दवाखाना टाकला. पावसाळ्यात हगवणीची लेकरं यायची. डोळे खोल गेलेले, कातडीची चिमटी घेतली तर तशीच उभी. आणि आजी पदराआड तांब्या लपवून म्हणायची, "पाणी पाजलं त अजून हागते लेकरू." मी तिथंच साखर-मीठ कालवून चमच्यानं पाजायला बसवायचो. बाया मनातून शिव्या देत असणार.

एका वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलगाडीतून एक शेतकरी आणला. गोऱ्ह्यानं पोटात शिंग घातलेलं, आतड्याचं वेटोळं बाहेर. ते आत ढकललं नाही. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात धोतराचं धुतलेलं फडकं भिजवून झाकलं, सलाईन लावलं. त्याची बायको गडवा घेऊन पुढं आली. मी असा ओरडलो की ती भिंतीला टेकली. "काहून, डॉक्टरसाहेब? लेकराईले त जबरीनं पाजता!" खरंच होतं तिचं. समजावायला वेळ नव्हता. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर 'तोंडाने काही देऊ नये' लिहिलं, या वेळी मराठीत, तो त्याच्या गळ्यात अडकवला आणि सरकीच्या ट्रकमधून अकोल्याला रवाना केलं.

२२ व्या दिवशी तो चालत आला. गळ्यात काळ्या दोऱ्यात कापडी ताईत. विचारलं तर लाजत म्हणाला, तुमचाच पुठ्ठा आहे, बायकोनं शिवून घातला. मी हसत सांगितलं, "काढा आता तो, त्यात काय लिहिलंय माहीत आहे का?" तो काढेना.

मग मी आतून पाण्याचा तांब्या मागवला. ताईत एका हातानं बाजूला धरून त्यानं तो गटागटा रिकामा केला आणि दुसरा मागितला.