मंडळी

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. एकट्या माणसाला कुणी मंडळी म्हणत नाही. अपवाद फक्त घरच्या ‘मंडळीं’चा! तरीही कित्येक वर्षे माझ्या लेखी मंडळी म्हणजे एकटे पाळकसाहेब.

छप्पर गळले, दोष पाळकसाहेबांचा. गायनाचा सूर चुकला, पाळकसाहेबांचाच. रविवारी उपासना आटोपली, की फाटकापाशी उभा राहून मी त्यांचे प्रवचन सोलून काढी. मग घरी जेवण चांगले जाई.

वास्तविक ही सवय आमच्या परंपरेला शोभणारी नव्हे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केले. त्या पंथात बिशप नसे. मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा, अशी रीत. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. आम्हाला बिशप मिळाले, तरी मंडळीने निवडलेली समिती राहिलीच. तिचा मीही सभासद होतो; चहापुरता.

मग पाळकसाहेबांची बदली झाली आणि नवे यायला पाच महिने होते. समितीने कामे वाटून घेतली. माझ्या वाट्याला आजाऱ्यांच्या भेटी आल्या.

पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या मावशींकडे गेलो. त्या अंथरुणाला खिळलेल्या. म्हणाल्या, “प्रार्थना करा, बाबा.”

मी म्हणालो, “मावशी, नवे पाळकसाहेब आले, की त्यांना घेऊनच येतो.”

“तोवर मी असेन का?”

मी गुडघे टेकले. दुसऱ्याच्या प्रवचनातल्या चुका मोजणाऱ्या मला स्वतःची चार वाक्ये सुचेनात. अखेर प्रभूने शिकवलेली, पोरासोरांना पाठ असलेली प्रार्थना म्हणू लागलो. निम्म्यावर कंठ दाटून आला. उरलेली मावशींनीच पुरी केली, अन् वर माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या रात्री बायबलातल्या ‘निर्गम’ पुस्तकाचा अठरावा अध्याय उघडला. मोशे दिवसभर एकटाच लोकांचे तंटे तोडीत बसे. त्याचा सासरा इथ्रो त्याला बजावतो, अशाने तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. मोशेने ते ऐकले. सासऱ्याचा सल्ला जावयाने मुकाट्याने ऐकावा, हाही एक चमत्कारच! आजवर हा अध्याय मी पाळकांसाठी लिहिलेला समजत होतो. दहांवरचा तो माणूस म्हणजे आपणच, हे त्या रात्री कळले.

नवे पाळकसाहेब आले. मी आजाऱ्यांची यादी त्यांच्या हाती दिली. तिच्यात मावशींचे नाव उरले नव्हते.

“सगळ्यांना भेटून येतो,” ते म्हणाले.

“जरूर या,” मी म्हणालो, “पण यांतली निम्मी नावे माझ्याकडेच राहू द्या.”