आजोबांची फेसाची वाटी

मुलांनो, दाढीचा फेस इतक्या पटकन गार का होतो? फेस म्हणजे साबण-पाण्याच्या पातळ पापुद्र्यांत अडकलेली हवा. त्यात ऊब धरून ठेवेल असं पाणी थोडंच. म्हणून माझे आजोबा फेसाची पितळी वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचे. पितळेतून ऊब लगेच आत जाते. पाणी उकळतं मात्र नको, फेस बसतो! (उष्णतेचा धडा मी याच वाटीवर शिकवते.)

करी रोडच्या चाळीत सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत त्यांची दाढी झालेली असायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आजोबांची गिरणी परत काही उघडली नाही. पण आजी सांगायची, दाढीची वेळ एक दिवस चुकली नाही. "पाळी नाय, म्हणून काय झालं?" म्हणायचे.

आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून दाढी मी करते. कातडी नाजूक झालीय. गार फेस लागला की दचकतात, आणि वस्तरा गालावर असताना दचकणं बरं नव्हे. घरात गीझर आला तरी पातेलं लागतंच. "आजोबा, मान वर करा" म्हटलं की मुकाट्याने करतात. शेवटी गालावरून हात फिरवून राहिलेला एखादा खुंट मात्र दाखवतातच.