कांचेच्या घुमटाखालीं

ऑल्बनीच्या स्टेशनांत डब्यांतला जिना पाहतांच आईनें मान हलविली. “अरे, पानें आपल्या अंगणांतल्या पिंपळाचींहि गळतात, त्यांसाठीं माडीवर कशाला चढावयाचें?” गुडघे दुखत होते, हें मात्र ती सांगेना.

हा घुमटाचा डबा १९५५ सालीं बड कंपनीनें शिकागोहून सिॲटलला जाणाऱ्या ‘एम्पायर बिल्डर’ गाडीसाठीं बांधला. न्यूयॉर्कच्या भुयारांत त्याची उंची मावत नसे. म्हणून माँट्रिऑलच्या ‘ॲडिरॉन्डॅक’ गाडीस तो शरदांत थोडे दिवस ऑल्बनीपासून जोडीत. आमचा प्रवास २०१४ च्या ऑक्टोबरांतला. २०१९ सालीं हा डबा कायमचा काढून घेतला.

अखेर कठडा धरून ती चढली. माथ्यावर कांच, दोहों बाजूंस लालपिवळे मेपल. पुढें शँप्लेन सरोवर आलें. रूळ अगदीं पाण्याच्या कांठानें जातात. पलीकडे व्हरमाँटचे निळे डोंगर. हिरवा रंग ओसरला कीं पानांतला मूळचा पिवळा उघडा पडतो, तांबडा मात्र झाड नव्यानें तयार करतें, असें मी उगाच सांगत होतों.

“हें त्यांनीं पाहावयास हवें होतें,” एवढेंच ती म्हणाली. बाबांना जाऊन वर्षहि झालें नव्हतें.

सरोवर मागें पडलें, ऊन उतरलें, कांचेंत आमचींच प्रतिबिंबें दिसूं लागलीं. तरी ती जागची हालली नाहीं.