हॉल्टीअर

गेल्या हिवाळ्यापासून माशीच्या पाठीवर तार चिकटवायचं काम माझी विद्यार्थिनी करते. सूक्ष्मदर्शकाखाली माझा हात थरथरतो. मेण मानेकडे ओघळलं की डोकं जखडतं, पंखाच्या मुळाशी गेलं की माशी वाया. कात्रजच्या रसवंतीवरून पकडून आणलेल्या माशा ती एकामागून एक बिनचूक चिकटवते आणि मला ते बघवत नाही. पुण्यात माझ्याइतकी नेमकी तार कुणी लावत नाही, असं मी मानत आलो, आजही मानतो.

पायाखालचा कागदाचा बोळा काढला की माशी उडू लागते. भोवतीचं पट्ट्यांचं नळकांडं फिरवलं की त्याच दिशेला वळू पाहते. मी अडलोय तो इथेच. डोळे सांगतात, वळलीस. पण मागच्या पंखांच्या जागी असलेल्या दोन गुंडीदार दांड्या, हॉल्टीअर, शरीराचं वळणं जोखतात, आणि तारेवरचं शरीर तर हलतच नाही. अशा वेळी हॉल्टीअर नुसते गप्प असतात, की ‘वळली नाहीस’ असं बजावत असतात? ते गप्प असतील तर मी निखळ नजर मोजतोय. बजावत असतील तर भांडण मोजतोय. तारेऐवजी दोन चुंबकांमध्ये उभ्या सुईवर टांगली तर माशी निदान स्वतःभोवती फिरते, पण कुशीवर कलणं आणि डोकं खाली घालणं बंदच.

संशोधक हेमा सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी भीमाशंकरच्या जंगलात भुंग्यांना मात्र बांधलं नाही. घरट्यापाशी रंगीत खुणा ठेवल्या. माणसाला रंग दिसत नाहीत अशा नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात निशाचर भुंग्यांनी त्या खुणा रंगावरून ओळखल्या. २००८ साली त्यांचा तो शोधनिबंध वाचला तेव्हा मला असूया वाटली. तसं काम करायला कीटकाजवळ रात्री काढाव्या लागतात. हल्ली अनेकांना कीटकाच्या वाटेची संगणकाने आखलेली रेघ पुरते. माशीने मध्येच पाय पुसले, हे त्यांना दिसतच नाही.

तरीही तार मी सोडणार नाही. मोकळा कीटक काय करतो ते दाखवतो. कुठल्या इंद्रियाच्या बळावर, हे सुटं करायला त्याला बांधावंच लागतं.

विद्यार्थिनी म्हणते, “सर, हॉल्टीअर कापून बघू.” तशी माशी मोकळी सोडली तर कोसळते, तारेवर मात्र पंख मारते. पण पंखांच्या प्रत्येक फटक्याची वेळ सांभाळायलाही हॉल्टीअरच लागतात. ते कापले की वळण बदलेल आणि कशामुळे बदललं ते कळणार नाही. हे ठाऊक असूनही पुढचा प्रयोग तोच आहे. माझ्यापाशी दुसरा नाही.