सममितीचा अंमल

क्वांटम अवस्थांचे गणित करणाऱ्या आम्हा मंडळींत सममितीकडे प्रथम काटकसरीचे साधन म्हणूनच पाहिले जाते, आणि ते गैर नाही. कारण 20 स्पिनांच्या साखळीच्या 10,48,576 मूलभूत अवस्था, वर व खाली तोंड केलेल्या स्पिनांची संख्या समसमान असावी एवढी एक अट घालताच 1,84,756 वर येतात. परंतु सममितीचे खरे सामर्थ्य मला दिसते ते एंटँगलमेंटमध्ये, म्हणजे 1935 साली श्रोडिंगर यांनी क्वांटम सिद्धांताचे व्यवच्छेदक लक्षण मानलेल्या त्या परस्पर गुंफणीत.

दोनच स्पिन घ्यावेत. उभ्या अक्षावरील त्यांची बेरीज शून्य असावी एवढाच निर्बंध असेल, तर गुंफण मुळीच नसण्यापासून परिपूर्ण असण्यापर्यंत सर्व मुभा शिल्लक राहते. पण जोडी कोणत्याही दिशेने फिरवली तरी अवस्था तीच राहिली पाहिजे, असा आग्रह धरला की सिंगलेट ही एकच अवस्था उरते, आणि एकट्या स्पिनाला कोणतीही दिशा दाखवण्यास मज्जाव असल्यामुळे तीत गुंफण कमाल असावीच लागते. जी सममिती अवस्थांची संख्या घटवते, तीच येथे गुंफणीची सक्ती करते, हे मला आजही विलक्षण वाटते.

लांब साखळीतही सममितीचा असाच ठसा दिसतो: एकूण बेरीज ठरलेली साखळी मधोमध कापून डाव्या भागाची घनता-सारणी मांडली, की त्या भागाच्या प्रत्येक संभाव्य बेरजेचा चौकोन अलग पडतो व चौकोनांबाहेर निव्वळ शून्ये राहतात. चार स्पिनांच्या एकूण सिंगलेट अवस्थेत तर डाव्या जोडीच्या चार आयगेनमूल्यांपैकी तीन तंतोतंत समान निघतात. संगणकाच्या मोठ्या उत्तरांवर विसंबण्यापूर्वी ही रुजुवात मी कागदावर करतो.

चौकोन असे अलग पडल्यामुळे, गुंफणीचे माप असलेल्या एंट्रॉपीचे दोन हिस्से होतात: कोणता चौकोन, याच्या अनिश्चिततेचा एक, आणि चौकोनांच्या आतील गुंफणीचा दुसरा. गोल्डस्टाइन आणि सेला यांनी 2018 साली प्रत्येक चौकोनाच्या वाट्याचा तपशील काढण्याची पद्धत घालून दिली. 2019 साली हार्वर्डमध्ये ग्राइनर यांच्या गटाने अव्यवस्थित जालकातील रुबिडियम अणूंवर हे हिस्से वेगवेगळे मोजले, तेव्हा अणुसंख्येचा हिस्सा (तेथे स्पिनांच्या बेरजेची जागा अणुसंख्या घेते) लवकर स्थिरावला व आतील हिस्सा मात्र संथपणे वाढत राहिला. केवळ एकूण आकडा पाहणाऱ्याला हा भेद कळला नसता.

म्हणून या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांना माझी विनंती आहे, की ज्या प्रणालीत सममिती आहे, तिच्या एंट्रॉपीचे दोन्ही हिस्से स्वतंत्रपणे नोंदवावेत.